सहा नंबरच्या बोअरचा तळ

बाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही गाशा गुंडाळत होतो. नकाशे नळकांड्यांत गेले होते, टेबलं एकावर एक उलटी चढवली होती, आणि दगडातला धातू अर्ध्या मिनिटात मोजून देणारं हातातलं यंत्र आठवड्यापूर्वीच मुख्य ऑफिसला परत गेलं होतं. आता एकच काम उरलं होतं. शेडमधल्या जुन्या पेट्या बाहेर काढायच्या आणि टेकडीमागच्या घळीत ओतायच्या.

त्या पेट्यांत कोअर होतं. ड्रिलिंग करताना जमिनीच्या पोटातून दगडाची मनगटाएवढी जाड कांडी वर येते, तिला आम्ही कोअर म्हणतो. ती खणाखणांच्या लाकडी पेटीत ओळीने मांडायची, आणि कितव्या मीटरला कुठला दगड लागला ते निरखून कागदावर उतरवायचं. त्या कागदाला लॉग म्हणतात. चाळीस वर्षांचं कोअर त्या शेडमध्ये पडून होतं आणि ते कोणालाच नको होतं.

दारातल्या बाई सडपातळ होत्या. केस पांढरे, आखूड कापलेले. पायात चढणीचे जुने बूट, हातात काठी. त्यांच्या मागून एक ठेंगण्या, गोलसर बाई औषधांचा डबा छातीशी धरून धापा टाकत येत होत्या.

"सहा नंबरच्या बोअरच्या पेट्या आहेत का अजून?" काठीवाल्या बाईंनी विचारलं. नाव नाही, ओळख नाही, थेट प्रश्न.

"आहेत," मी म्हणालो. "म्हणजे उद्या सकाळपर्यंत आहेत."

"मग वेळेवर आले. त्या बोअरचा लॉग मी लिहिलाय. आणि तो चुकलाय असं मला वाटतंय."

मी हातातली पेटी खाली ठेवली. सहा नंबरचा लॉग मला पाठ होता. आमच्या धंद्यात तो काळ्या दगडावरची रेघ मानला जायचा. अक्षर मोत्यासारखं, दर वीस सेंटीमीटरला नोंद, रंगीत पेन्सिलीने काढलेल्या शिरा. नवीन माणूस कामावर आला की त्याला तो दाखवून सांगायचे, "असं लिहायला शीक." तो लिहिणारी बाई अजून हयात आहे हेच मला माहीत नव्हतं. पुढे त्यांनी पंचवीस वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

या टेकडीची हकिकत थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

फार फार वर्षांपूर्वी खालून ग्रॅनाइटचा रस वर चढला आणि इथल्या चुनखडीत घुसला. त्याच्याबरोबर आलेल्या गरम पाण्याने चुनखडीचं रूपच पालटून टाकलं. कुठे लाल-तपकिरी गार्नेट झालं, कुठे हिरवी खनिजं, कुठे पांढराशुभ्र संगमरवर. अशा पालटलेल्या दगडाला स्कार्न म्हणतात. त्याच पाण्यातून जस्त आणि शिसं आलं तर ते स्कार्नमध्ये बसतं. पण बसतं ते कुठे, हाच सगळा घोळ असतो.

पहिल्यांदा खणणारे इथे आले ते शिशासाठी. छिन्नी-हातोड्याने त्यांनी टेकडीत चार बोगदे पाडले. जस्त त्यांना नको होतं, त्याने भट्टी बिघडायची. शिसं संपलं तसे ते निघून गेले. मग एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका कंपनीने सहा बोअर मारली. त्यावर लॉग लिहायला बाई होत्या, सव्वीस वर्षांच्या. थोडं शिसं, जरासं जस्त मिळालं, तेही निघून गेले. त्यानंतर दुसरी कंपनी आली ती विमानातून चुंबकी मोजणी करत. टेकडीच्या ग्रॅनाइटकडच्या अंगाला काटा जोरात हलला, तिथे त्यांनी चार बोअर मारली आणि भरपूर लोखंड गाठलं. तेही गेले. शेवटी आम्ही. आम्ही तीन बोअर मारली, तीही ग्रॅनाइटच्या कडेलाच, कारण आधीची कंपनी तिथेच शोधत होती. हाताला काही लागलं नाही. साहेबांनी फोनवर सांगितलं, "पुरे आता. आवरा."

"कुठे चुकलंय?" मी बाईंना विचारलं.

"अगदी तळाला. शेवटचे दोन मीटर. मी लिहिलंय, पिवळसर तपकिरी गार्नेट."

ते खरं होतं. दोनशे बारा मीटरवर ते बोअर थांबलं होतं आणि शेवटची नोंद हीच होती.

"मग ते काय होतं?"

"ते बघायलाच आलेय," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दुसऱ्या कुठल्या खाणीतला दगड घेऊन आली होती, मधाच्या रंगाचा. म्हणाली, ओळखा. मी म्हटलं, गार्नेट. ती हसली. ते जस्ताचं खनिज होतं, स्फॅलेराइट. लोखंड कमी असलं की ते काळं दिसत नाही, असं फिकट दिसतं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवायचे! आणि तो दगड हातात असताना मला ही शेड आठवली. तेच पिवळं. तीच तेलकट चमक."

"तेव्हापासून झोप नाही हिला," मागच्या बाई डबा टेबलावर आदळत म्हणाल्या. "गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि इथे आली. म्हटलं एक फोन कर. तर म्हणे, फोनवर दगड दिसत नाही."

ही बाईंची धाकटी बहीण. दोघी एकत्र राहत. धाकटीने आयुष्यभर कपडे शिवले होते आणि बोलणंही तसंच होतं, कातरीसारखं.

आम्ही पेट्या शोधायला लागलो. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, आकडे पुसले होते. सहा नंबरच्या त्रेपन्न पेट्या असायला हव्या होत्या. दुपारपर्यंत एकोणपन्नास सापडल्या. शेवटच्या चारच नव्हत्या, आणि नेमक्या त्याच हव्या होत्या. मी हात टेकले.

तेवढ्यात आमचा ड्रिलर आत आला. त्याला सगळे भोकमास्तर म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. तीस वर्षं तो भोकं पाडत होता. काय शोधताय विचारून तो डोकं खाजवत म्हणाला, "पाण्याचं पिंप कशावर ठेवलंय ते बघितलंत का?"

स्वयंपाकखोलीच्या मागे दोनशे लिटरचं पिंप होतं. त्याच्याखाली चार पेट्या. कधी कोणी ठेवल्या देव जाणे. वर्षानुवर्षं पाणी झिरपून लाकडाचा चिखल झाला होता आणि पिंपाच्या वजनाने कोअरचे तुकडे इकडचे तिकडे झाले होते.

"लाकूड गेलं तर जाऊ दे," बाई म्हणाल्या. "दगडाला काय होतंय!" त्या तिथेच फरशीवर बसल्या. गुडघा वाकवताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

अडचण वेगळीच होती. तुकडे होते शंभरावर, आणि त्यांतला कुठला किती खोलीचा हे कोणाला ठाऊक? पत्र्याच्या खुणेच्या पट्ट्या गंजून गळल्या होत्या, एकच वाचता येत होती. त्या पट्टीपासून बाई तुकड्याला तुकडा जुळवत निघाल्या. तुटलेली कड दुसऱ्या कडेत बसली की पुढे. मी मदतीला बसलो, पण तासाभरात माझे डोळे दुखायला लागले. दोन ठिकाणी साखळी तुटली.

धाकटी खुर्चीवरून बघत होती. "ताई, तो राखाडी तुकडा उलटा धरलायस. त्याची तिरकी रेघ या पांढऱ्याच्या रेघेला मिळते. बघ की, दोन्हींचा तिरकेपणा एकच आहे."

बाईंनी तुकडा फिरवला. टक् करून बसला.

"चाळीस वर्षं चौकडीचं कापड जुळवलंय," धाकटी म्हणाली. "तुमच्या दगडाला निदान चुण्या तरी पडत नाहीत."

तिच्या मदतीने संध्याकाळच्या आत सगळं लागलं. तळाचा भाग धुऊन उन्हात मांडला. फिकट मधाच्या रंगाचा, पांढऱ्या संगमरवरात पसरलेला. खरं सांगतो, मीही त्याला गार्नेटच म्हटलं असतं.

बाईंनी खिशातून चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू ओरखडा काढ. मला ते जस्तच असायला हवंय, म्हणून माझ्या हातावर माझा भरवसा नको."

गार्नेट कठीण असतं. त्यावर पोलादी चाकू नुसता घसरतो, मागे धातूची खूण ठेवून. मी टोक टेकवलं आणि ओढलं. चाकू रुतला. खाली पिवळट भुकटी पडली.

भोकमास्तरने आमची आम्लाची बाटली आणून दिली. भुकटीवर एक थेंब टाकला. आधी संगमरवरातला चुना फसफसला, आणि मग सडक्या अंड्याचा वास सुटला. स्फॅलेराइटमध्ये गंधक असतं, त्याचाच हा वास; गार्नेटला तो येत नाही.

"शी! काय सडलंय इथे?" धाकटीने नाकाला रुमाल लावला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मांडलेल्या दगडावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षं. माझा लॉग वाचून दोन कंपन्या परत गेल्या."

"बाई, पण त्या काळी तुमच्याकडे काय साधनं होती? आणि रंगच असा आहे की कोणीही..."

"चाकू होता," त्या म्हणाल्या. "आम्लही होतं. महिनाभर गार्नेट बघत होते, हाताला गार्नेट लिहायची सवय लागली होती. डोळ्यांनी बघायचं काम हाताने केलं. एवढंच."

"आणि आईचं सांग की!" धाकटी एकदम बोलली. मग माझ्याकडे वळली. "त्याच दुपारी आमच्या आईच्या आजारपणाची तार आली होती. शेवटच्या पेट्या उरकून ही मिळेल त्या ट्रकने निघाली. घरी पोचली तेव्हा..."

"ते कारण नव्हे," बाई तोडून म्हणाल्या. "आईचं आईपाशी. दगडाला तार आली नव्हती."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणूस स्वतःची चूक पदरात घेतो म्हणजे काय करतो. ही चूक जगात कोणाला कधीच कळली नसती. उद्या सकाळी आम्हीच ती घळीत ओतणार होतो.

मी साहेबांना फोन केला. साहेब आधी वैतागले, मग म्हणाले, "नमुना प्रयोगशाळेत पाठव. पेट्यांना हात लावू नकोस." बारा दिवसांनी आकडे आले. शेवटच्या एक मीटर ऐंशी सेंटीमीटरमध्ये जस्त नऊ टक्के, शिसं तीन. आणि बोअर तिथेच थांबलेलं. म्हणजे खाली आणखी किती आहे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी दोन बोअर मंजूर केली. दोनच.

ती कुठे मारायची हे ठरवण्यासाठी बाई सहा दिवस टेकडी चढल्या. काठी, मी, आणि पन्नास पावलं मागे धाकटी. पहिल्या दिवशी बाईंनी मला ग्रॅनाइटला पाठ करून उभं केलं.

"चालत रहा आणि गार्नेटचा रंग सांगत जा."

"गडद लाल," मी म्हणालो. शंभर मीटर पुढे, "तपकिरी." आणखी पुढे, "हिरवट." मग गार्नेट कमी होत गेलं आणि लांबट हिरव्या काड्यांचं एक खनिज दिसू लागलं. त्याच्याही पलीकडे पांढरा संगमरवर सुरू झाला. त्याच्या भेगांत काजळी फासल्यासारखे काळे डाग होते.

"हे काय?" बाईंनी काठीने डाग दाखवला.

"मँगनीज."

"आणि ते कोणाबरोबर येतं?"

"जस्त-शिशाबरोबर." गरम पाणी ग्रॅनाइटपासून निघून या रंगांच्या वाटेने इथवर आलं होतं, थंड होत होत, आणि जस्त-शिसं त्याने वाटेच्या शेवटी, संगमरवराच्या उंबरठ्यावर टाकलं होतं. आम्ही सगळे मात्र चुंबकाचा काटा जिथे हलत होता तिथे, वाटेच्या सुरुवातीलाच खणत बसलो होतो. हे स्फॅलेराइट चुंबकाला दाद देत नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पायाखालून जाताना मात्र पहिल्यांदा बघितलं.

पहिलं बोअर चुकलं. दोनशे चाळीस मीटरपर्यंत गेलो आणि हाताला लागली ती राखाडी, ठिपकेवाली भिंत, संगमरवराला उभी चिरत गेलेली. ग्रॅनाइटच्याच कुळातला दगड. जस्ताचा मागमूस नाही. भोकमास्तरने मशीन बंद केलं आणि तोंड धुवायला निघून गेला. साहेबांना काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागलो.

बाई मात्र त्या राखाडी कोअरच्या दोन्ही टोकांशी बसून बोटं फिरवत होत्या. "छान आहे," त्या म्हणाल्या.

"छान?" मी जरा चिडूनच बोललो. "बाई, काहीच नाही त्यात."

"त्यात नाही. कडेला बघ. या बाजूची कड साफ आहे. त्या बाजूला हिरव्या काड्या, आणि काळे डाग. पाणी या भिंतीतून जाऊ शकलं नाही, म्हणून तिच्या पलीकडच्या अंगाने चढलं. आपण चुकीच्या अंगाला उभे राहिलो. माझाच अंदाज चुकला. मशीन साठ मीटर सरकव, आणि तोंड उलट दिशेला कर."

अंदाज चुकला हे शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारले की माझा राग जागीच विरला. आमच्या ऑफिसात ते शब्द काढायला लोकांना तीन बैठका लागतात.

दुसरं बोअर नऊ दिवस चाललं. नवव्या दिवशी सकाळी भोकमास्तर शेडकडे धावत आला. एरवी तो आग लागली तरी चालत येणारा माणूस. "बोअरमधून येणाऱ्या पाण्याचा रंग फिरला," तो म्हणाला. "आणि आवाजही. मऊ लागतंय."

कोअर वर आलं. पोलादी नळीतून बाहेर सरकलं तेव्हा उन्हात ते अक्षरशः लकाकलं. मधाच्या रंगाचं जस्त, त्यात आरशासारखे शिशाचे चौकोनी तुकडे. मग पुढची नळी, तीही तशीच. आणि पुढची. चौथी नळी संपली तेव्हा संगमरवर लागला. अकरा मीटर. भोकमास्तर टोपी काढून उभा होता. त्याने आयुष्यभर भोकं पाडली, पण असं भोक पाडलं नव्हतं, असं त्यानेच नंतर सांगितलं.

धाकटी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. "झालं ना आता? आता गुडघ्याचं बघायचं?"

"अजून पाच बोअरचे लॉग तपासायचेत," बाई म्हणाल्या. "एकात चुकले तर बाकीच्यांत चुकले नसेन कशावरून?"

धाकटीने कपाळाला हात लावला. पण राहिल्या दोघी, आणखी तीन आठवडे. बाईंनी पेटी न् पेटी पुन्हा काढली. आणखी एक चूक सापडली, लहानशी. ती त्यांनी लाल शाईने लिहिली, तारीख घातली, सही केली. त्यांच्या शेजारी बसून मीही माझ्या तीन बोअरचे लॉग पुन्हा काढले. किती चुका निघाल्या ते इथे सांगत नाही. रिपोर्टात लिहिल्या आहेत.

रिपोर्टात एक भाग असतो, पूर्वी इथे कोणी काय शोधलं त्याचा. तो मी लिहिला. सहा नंबरच्या बोअरपाशी आल्यावर नुसतं लिहिलं, 'जुन्या नोंदीत त्रुटी आढळली.' बाईंनी वाचून कागद परत सरकवला.

"कोणाची त्रुटी? नाव घाल."

साहेब फोनवर होते. त्यांनीही समजावलं, "बाई, कशाला उगीच? तुमचं नाव इतकं मोठं आहे. आणि शोधही तुम्हीच लावलात."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "नाव मोठं होतं म्हणून कोणी तपासलं नाही. पुढचा माणूस माझे बाकीचे लॉग वाचेल तेव्हा त्याला कळायला हवं, की या बाईच्या नोंदीवरही शंका घ्यायची."

रिपोर्टात बाईंचं नाव गेलं.

आज त्या टेकडीवर सतरा बोअर झाली आहेत. खाण होईल की नाही हे अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. भिंतीच्या कडेने ते जस्त कुठे जाड होतं, कुठे एकदम संपतं. बाईंचं ऑपरेशन झालं, आता काठी लागत नाही. मी फोटो पाठवतो. त्या म्हणतात फोटोत दगड दिसत नाही, आणि मग तासभर त्यावर बोलतात. मागून धाकटीचा आवाज येत असतो.

रिपोर्टाची शेवटची प्रत छपाईला जाण्याआधी मी तो भाग त्यांना पाठवला होता. बाईंच्या सचोटीमुळेच हा साठा सापडला, अशा अर्थाची चार वाक्यं मी शेवटी घातली होती, बराच विचार करून. चार दिवसांनी पाकीट परत आलं. चारही वाक्यांवर तिरकी काट मारलेली, आणि समासात त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, 'दगडाबद्दल लिही.' तसंच केलं. ती वाक्यं तिथून काढली. त्यांचा अर्थ इथे लिहिला आहे, कारण हा रिपोर्ट नाही, आणि हे त्यांना तपासायला पाठवायचं नाही असं मी ठरवलं आहे.